लिटरभर दूध आणि एक फुंकर

अकरावीच्या रसायनशास्त्रातलं पहिलं प्रकरण मी कधी नीट वाचलंच नाही. द्रव्य म्हणजे काय, वस्तुमान म्हणजे काय, आकारमान कसं मोजायचं, आकड्यापुढे एकक का लिहायचं, असलं सगळं त्यात असतं. मला ते बालवाडीतलं वाटायचं. नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला केमिस्ट्रीत पहिला वर्ग मिळवला तोही पुढच्या अवघड प्रकरणांच्या जोरावर, आणि त्याचा तोरा मी लग्नाच्या शालूबरोबर सासरी घेऊन आले. त्या न वाचलेल्या प्रकरणाने मला जामखेड तालुक्यातल्या एका खव्याच्या भट्टीवर गाठलं. वाईट याचं की माझ्या नापास होण्याची शिक्षा दुसऱ्याच बाईला होणार होती.

भट्टी आमचीच, म्हणजे माझे सासरे आबासाहेब यांची. जामखेडहून खर्ड्याकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला पत्र्याची लांब शेड आहे, आणि तिच्यापुढून जाताना पोट भरलेल्या माणसालाही भूक लागते. दोन भट्ट्या, दोन मोठ्या कढया. एका घाण्याला दहा लिटर दूध घालायचं आणि ते आटून खवा होईपर्यंत उलथण्याने हलवत राहायचं. हात क्षणभर थांबला तर खाली लागतं. खवा तयार झाला की माझे यजमान वाल्मिक तो पिकअपमध्ये टाकून नगरच्या मिठाईवाल्यांना देऊन येतात.

मी आले तेव्हा भट्टीचा कारभार सगळा अंदाजाने चालायचा. दूध किती आटलं हे वासावरून ओळखायचं, जाळ किती हवा हे कपाळाच्या घामावरून. आबासाहेबांची तर एक खास लकब होती. लिटरचं माप बादलीत बुडवून वर काढायचे, त्यावर ‘फूऽ’ करून एक लांब फुंकर मारायचे, मग त्यात वरून थोडं दूध घालायचे आणि माप कढईत रिकामं करायचे. दहा मापं, दहा फुंकरा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अन्न परवान्याच्या तपासणीला साहेब येणार होते आणि आमचे मालक दुधात थुंकी उडवत होते.

असं का करता, म्हणून मी विचारलं. वडील मारायचे, आजी मारायची, मी मारतो, एवढंच ते म्हणाले. सुनेने चार माणसांत हटकल्याचा राग आला होता त्यांना, पण राग आला की ते बोलत नाहीत, मिशी ओढतात. मी ती फुंकर अंधश्रद्धेच्या खात्यात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी जामखेडहून टोप्या आणि मास्क आणले. भट्टीवर पाऊल टाकायचं तर नाकातोंडावर मास्क हवा, असा फतवा काढला. आबासाहेबांनी निमूटपणे मास्क लावला. त्यांचा चष्मा त्याच क्षणी वाफेने पांढरा झाला, आणि पुढचे कित्येक दिवस तो पांढराच राहिला. मला काय, मी खूश.

मग मी इलेक्ट्रॉनिक काटा आणला, थर्मामीटर आणला आणि दारातल्या भिंतीवर एक फळा टांगला. कोणी घाणा काढला, किती दूध घातलं, किती खवा निघाला, हे रोज खडूने लिहायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून फळा मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून लावला होता. शास्त्रात लपवाछपवी नसते असं मी सगळ्यांना सांगितलं. वाल्मिक म्हणाले की हा फळा एक दिवस भांडण लावणार. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते पिकअप पुसायला गेले.

खवा घोटायला दोघं होती, पुष्पाताई आणि छगन. छगन पंचविशीचा, हाताला जलद आणि तोंडाला त्याहून जलद. पुष्पाताई चाळिशीच्या. पहाटे पाचला पहिली भट्टी त्या पेटवायच्या. गोठा शेडच्या मागेच, गडी तिथे हाताने धारा काढायचा आणि बादली तशीच उबदार त्यांच्या कढईपाशी यायची. छगन चहा, बिडी आणि मोबाईल झाल्यावर साडेसातला उगवायचा. तोवर आसपासच्या वस्त्यांवरून आलेले दुधाचे कॅन सावलीत निवांत उभे असायचे.

पुष्पाताई आणि त्यांचा नवरा गहिनीनाथ हे लग्न झाल्यापासून दरवर्षी ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाच्या गाडीत बसायचं आणि होळीनंतर परतायचं. मुलगी धनश्री कधी पाचटाच्या खोपीत, कधी आजीकडे, अशी शिकत आली. गेल्या वर्षी भट्टीचं काम मिळालं आणि पुष्पाताई पहिल्यांदाच गावात राहिल्या. गहिनीनाथला बारमाही काम नव्हतं, पण बायकोचं काम टिकतंय म्हटल्यावर तोही इथल्याच शेतांवर जाऊ लागला. नववीत धनश्रीची शाळा एकही दिवस बुडाली नाही. आता ती दहावीला होती. भट्टी आहे तोवर पोरगी मार्चात परीक्षेला बसणार, आणि भट्टी गेली तर पुन्हा कोयता, हे पुष्पाताईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

फळा सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी आकड्यांत फरक दिसला. दहा लिटर दुधात छगनचा खवा एक किलो आठशे ग्रॅम. पुष्पाताईंचा एक किलो सहाशे ऐंशी. मी म्हटलं, होतं एखाद्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, पाच ग्रॅम इकडे की तिकडे, पण पुष्पाताईंचे एकशेवीस ग्रॅम गायब ते गायबच.

मी काही एकदम संशय घेतला नाही, एवढं श्रेय मला द्या. आधी काटा तपासला. किराणा दुकानातून शिक्क्याचं एक किलोचं वजन आणून ठेवलं, काटा बरोबर होता. दोघांच्या दुधाची फॅट काढून आणली, ती सारखीच निघाली. खवा गरम मोजला, गार मोजला. पुष्पाताई जास्त आटवत असतील म्हणून त्यांच्या खव्याला बोट लावून पाहिलं, तर तो छगनच्या खव्यासारखाच मऊ. मी काय काय तपासलं त्याची यादी मोठी आहे. दूध मोजायचं माप तेवढं तपासलं नाही, कारण माप म्हणजे माप, त्यात काय तपासायचं.

इकडे छगनला रोज फळ्यावर पहिला नंबर मिळत होता आणि तो शेफारला होता. फळ्यापुढे उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःचा आकडा वाचून दाखवायचा. पुष्पाताईंच्या कढईला भोक पडलंय का बघा, असं एकदा हसत म्हणाला, आणि त्यातला दुसरा अर्थ सगळ्यांना कळला. धनश्री शाळेत जाताना याच रस्त्याने जायची. फळ्यापाशी तिची सायकल हळू व्हायची, हे मी पाहिलं होतं.

पुष्पाताईंनी मला दोनदा सांगून पाहिलं. पहिल्यांदा म्हणाल्या की एक दिवस माझं दूध छगनला द्या आणि छगनचं मला द्या, मग बघा. इतका सरळ प्रयोग कॉलेजातल्या सरांनासुद्धा पटकन सुचला नसता. पण छगन पाचला उठायला तयार नव्हता, आणि त्याला उठवायची कटकट मला नको होती. दुसऱ्यांदा त्या जरा तापूनच बोलल्या.

“वैनी, मी चोरत आसते तर येखाद्या दिवशी जास्त चोरलं आसतं, येखाद्या दिवशी कमी. काटा लावून रोज तेवढंच कोन चोरतंय?”

हेही अगदी बरोबर होतं. पण मला वाटलं, रोज एकच आकडा येतोय म्हणजे तोच खरा. आकडा पुन्हापुन्हा तोच येणं वेगळं आणि तो बरोबर असणं वेगळं, हे त्या पहिल्या प्रकरणात चौकट करून दिलेलं आहे. मी नंतर काढून वाचलं. पान अगदी कोरं करकरीत होतं.

पंचवीस दिवस असे गेले. नवरात्रातल्या अष्टमीला मिठाईवाल्यांची घाई सुरू होती, मी सकाळपासून उपाशी होते, त्यात नगरहून फोन आला की मागितल्यापेक्षा खवा कमी आला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुष्पाताई घाणा संपवून घरी निघाल्या होत्या, हातात कापडात बांधलेला जेवणाचा डबा होता. शेडमध्ये छगन होता, कॅन घेऊन आलेले दोघं होते, आबासाहेब होते. सगळ्यांसमोर मी म्हणाले की डबा उघडून दाखवा.

पुष्पाताईंनी गाठ सोडली. डब्यात अर्धी भाकरी होती आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यांनी डबा माझ्यापुढे जरा जास्तच वेळ धरला. मग झाकण लावलं, गाठ पुन्हा नीट बांधली, कढईपाशी जाऊन राहिलेली खरवड काढली, कढई घासून पालथी घातली आणि म्हणाल्या की उद्यापासून येत नाही. आवाज चढलेला नव्हता. त्या गेल्यावर छगन आपल्या कढईकडे वळला. आबासाहेबांनी मिशी ओढली, म्हणजे ओढायला गेले, पण मध्ये मास्क होता.

मला लाज वाटत होती. पण लाज वाटली की मला आणखी राग येतो, हा माझा स्वभाव आहे. जाऊ दे, चोरी पकडली म्हणूनच गेली, असं मी रात्री वाल्मिकांना ठणकावून सांगितलं. संध्याकाळी गहिनीनाथने मुकादमाकडे दोघांची नावं दिल्याचं वाल्मिकांनीच मला सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी निघणार होती. धनश्रीचं काय, असं मी विचारलं. आजी गेल्या वर्षी वारली, तेव्हा पोरगीही बरोबरच जाणार, असं ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले. मला काही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आबासाहेबांनी शेडमध्ये सगळी हत्यारं मांडून हळदीकुंकू वाहिलं, उलथणी, कढया, कुऱ्हाड, लिटरचं माप आणि माझ्याकडे बघत बघत माझा काटासुद्धा. पण पूजेआधी पाचचा घाणा काढायचा होता आणि पुष्पाताई नव्हत्या. छगनने पाचला यायला चक्क नकार दिला. शेवटी पदर खोचून मीच उलथणं हातात घेतलं.

खवा घोटणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं. पहिल्या पंधरा मिनिटांत खांदे बोलायला लागले, अर्ध्या तासात रडायला. शेवटी शेवटी दूध रबडीसारखं झालं तेव्हा ते उलथण्याला असं धरून बसलं की मीच कढईत जाते की काय असं वाटलं. थोडं खाली लागलं. काढून काट्यावर ठेवलं तर एक किलो पाचशे नव्वद. करपवलं म्हणून कमी भरलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दसऱ्याच्या पहाटे मी जिवाचा आटापिटा केला. जाळ सांभाळला, थेंब करपू दिला नाही, कढईच्या कडा खरवडून खरवडून सगळं काढलं. काट्यावर एक किलो सहाशे पन्नास. मी तिथेच जमिनीवर बसले. एकशेपन्नास ग्रॅम कमी. माझ्याजवळ डबा नव्हता, पदर खोचलेला होता, आणि मी एक कणही तोंडात टाकला नव्हता. फळ्याच्या हिशोबाने आता मीही चोर होते, आणि पुष्पाताईंपेक्षा मोठी.

चोर दोघींत नव्हता, म्हणजे तो आमच्या हातात खवा येण्याआधीच येऊन गेला होता. इतकं मला कळलं, पण कुठे ते कळेना. सोनं वाटायला आलेल्या बायकांना मी चहा दिला की नाही हेही आठवत नाही. दिवसभर डोक्यात ते दूधच आटत होतं. रात्री मी अकरावीचं पुस्तक माळ्यावरच्या पेटीतून काढलं आणि पहिलं प्रकरण शेवटी एकदाचं वाचायला घेतलं.

तिसऱ्या पहाटे मी भट्टीवर गेले तेव्हा आबासाहेब मास्क हनुवटीखाली ओढून बशीतून चहा पीत होते. गड्याने बादली आणून ठेवली. मी बाजूला काटा मांडत होते, माझी पाठ असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी माप बुडवलं, वर काढलं आणि सवयीने ओठांचा चंबू करून एक लांब फुंकर मारली. मारली आणि माझ्याकडे बघून शाळकरी पोरासारखे दचकले. मास्क भर्रकन वर गेला.

पण मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. मापात बघत होते. फुंकर जिथे लागली तिथला फेस बाजूला सरला होता आणि त्याखाली दूध दिसत होतं, काठापासून चांगलं बोटभर खाली.

“आबा,” मी म्हटलं, “परत मारा.”

“काय?”

“फुंकर. परत मारा.”

सुनेचं डोकं फिरलं अशा चेहऱ्याने त्यांनी मास्क खाली केला आणि फुंकर मारली. फेस आणखी सरला. पंचवीस दिवस पुष्पाताईंच्या कढईत प्रत्येक मापाला बोटभर हवा पडत होती. गोठ्यातून ताजं आलेलं दूध फेसाळ असायचं. छगनचं कॅनमधलं दूध तासभर उभं राहून निवळलेलं असायचं. आबासाहेबांची फुंकर होती तोवर दोघांनाही सारखंच दूध मिळत होतं. मी त्यांना मास्क लावायला लावला आणि फेस लिटरमध्ये जमा झाला.

मी ते माप काट्यावर ठेवलं. मापाचं वजन वजा जाता आत नऊशे चाळीस ग्रॅम होते. एक लिटर दूध म्हणजे एक हजार तीस ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. जागा किती व्यापली हे आकारमान, आणि त्यात खरोखर माल किती हे वस्तुमान. फेस जागा व्यापतो, पण त्याचा खवा होत नाही. एवढंसं ते प्रकरण.

हे तुम्हाला माहीत होतं ना, मग सांगितलं का नाही, असं मी आबासाहेबांना विचारलं. मला रडू येत होतं आणि हसूही. त्यांनी चष्मा पुसला.

“चष्म्याला वाफ धरती, काय दिसतंय मला. पांढरं काठाला लागलं की कढईत टाकायचो. आन् पोरी, फुंकर नको म्हनलीस तवा मला वाटलं, तुज्या शास्त्रात फेस चालत आसंल.”

मी स्कूटी काढली. मागे आबासाहेब, त्यांच्या एका हातात झाकणाची बादली, दुसऱ्या हातात माप, माझ्या पायांपाशी काटा. पुष्पाताईंची वस्ती दोन किलोमीटरवर. दारात बोचकी बांधून ठेवलेली होती, पिठाचा डबा, चूल, पातेली, आणि सगळ्यांवर कापडात गुंडाळलेले दोन कोयते. कोयत्यांवर खंडेनवमीचं हळदीकुंकू अजून ताजं होतं. धनश्री ओट्यावर बसून दप्तरातली पुस्तकं पोत्यात भरत होती. आम्हाला बघून शेजारच्या चारपाच बायका आल्या. मला तेच हवं होतं.

मी काटा ओट्यावर ठेवला आणि बादलीचं झाकण काढलं. फेस बसला होता. सगळा. दूध शहाण्यासारखं गप्प होतं आणि मी त्याच्याकडे बघत उभी. बायका वाट बघत होत्या, पुष्पाताई दारात हाताची घडी घालून. शेवटी आबासाहेबांनीच चहा उंचावरून ओततात तसं ते दूध या पातेल्यातून त्या पातेल्यात आठदहा वेळा ओतलं, आणि फेस पुन्हा वर आला. मी काठोकाठ माप भरून काट्यावर ठेवलं. मग फुंकर मारून, वरून दूध घालून, पुन्हा ठेवलं. दोन्ही आकडे धनश्रीला मोठ्याने वाचायला लावले. मग सांगितलं की पुष्पाताईंनी एक ग्रॅमही नेलेला नाही, चूक माझी होती, आणि डबा उघडायला लावला ती त्याहून मोठी चूक होती. मी त्यांची माफी मागितली.

पुष्पाताईंनी हाताची घडी सोडली.

“फेस मला बी दिसत हुता, वैनी,” त्या म्हणाल्या. “पर माप आबांच्या हातात, फळा तुमच्या हातात. माज्या हातात नुसतं उलथनं. दूध बदलून बघा म्हनले, तुमी ऐकलं न्हाई.”

मी मान खाली घातली. आता कामावर या, असं म्हणायचं धाडस मला होईना, ते आबासाहेबांनी केलं. गहिनीनाथ म्हणाला की मुकादमाला शब्द दिलाय. मग स्वतःच म्हणाला की गाडीत बसायला दोन जोड्या टपून बसल्यात, मुकादमाचं काही अडत नाही. आणि बायकोकडे बघत राहिला. धनश्रीही पुस्तक हातात धरून आईकडेच बघत होती.

“डबा चार जनांत उघडला,” पुष्पाताई म्हणाल्या. “ह्ये बी चार जनांत पायजे. हिथं न्हाई, फळ्यावर. माजी पोरगी रोज तो वाचीत गेली, आता ह्ये बी वाचू द्या.”

मी हो म्हणाले. त्यांनी बोचक्यावरचे कोयते उचलले आणि आत नेऊन आढ्याला खोचले. धनश्रीने पोतं उलटं करून पुस्तकं ओट्यावर ओतली, तेव्हा तिची आई तिच्यावर ओरडली की सावकाश, फाटतील.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध लिटरने मोजणं बंद झालं. बादली थेट काट्यावर, सगळं किलोत. आबासाहेबांच्या हाताला काम उरलं नाही म्हणून ते काट्याच्या ताटावर बसलेली धूळ फुंकर मारून उडवत होते, आणि मी काही बोलले नाही. पुष्पाताईंच्या कढईत दहा किलो तीनशे ग्रॅम दूध पडलं. तेवढंच साडेसातला छगनच्या कढईत. छगनने एरवीपेक्षा मन लावून उलथणं फिरवलं, बिडीलासुद्धा उठला नाही. त्याचा खवा एक किलो आठशे. पुष्पाताईंचा मी पहाटेच मोजला होता, आणि दोनदा मोजला होता.

मग मी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि लिहायला लागले. वर मोठ्या अक्षरात लिहिलं की गेल्या पंचवीस दिवसांचे पुष्पावतीबाईंचे सगळे आकडे चुकीचे होते, दुधाऐवजी फेस मोजला गेला, चूक मोजणारीची. खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, सासरच्या आडनावासकट. त्याखाली आजचे दोन आकडे. छगन पाठीमागे येऊन उभा राहिला, वाचलं, डोकं खाजवलं, आणि आत जाऊन पुष्पाताईंसाठी चहा ओतून घेऊन आला. त्याच्याकडून माफी एवढीच मिळते.

धनश्रीची सायकल आली ती आज फळ्यापाशी हळू झाली नाही, सरळ थांबली. तिने एक पाय जमिनीवर टेकवून वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, अगदी आईसारखी. मग सायकल स्टँडवर लावून माझ्याजवळ आली.

“काकू, नुसतं एक पॉइंट आठशे चाळीस लिहिलंय,” ती म्हणाली. “एकक राहिलं. आमचे सर मार्क कापतात.”

मी खडू तिच्या हातात दिला. तिने टाचा उंचावून आईच्या नावापुढच्या आकड्याला ‘किलोग्रॅम’ असं गोल अक्षरात लिहिलं, आणि मग छगनच्याही आकड्यापुढे लिहिलं. आतून पुष्पाताईंनी विचारलं की काय लिहिलंय. धनश्रीने दारातूनच ओरडून सांगितलं, आई, तुझा एक किलो आठशे चाळीस ग्रॅम, छगनमामापेक्षा चाळीस ग्रॅम जास्त.

“म्हाईत हाय,” आतून आवाज आला. “जा आता, शाळंला उशीर हुतोय.”

धनश्री गेली. मी आत डोकावले तेव्हा पुष्पाताईंची पाठ माझ्याकडे होती, आणि कढई रिकामी असूनही त्यांचं उलथणं फिरत होतं.